माझं उष्टावण आणि मामांचा वडा

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी माझं उष्टावण झालं. पाट होता, रांगोळी होती, औक्षण होतं, मामा होते. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुटही होता. फक्त भूक नव्हती, कारण माझ्या पोटाचा बराचसा भाग ठाण्याच्या एका हॉस्पिटलात राहिला होता.

माझं वजन हा आमच्या सापगावात सार्वजनिक विषय आहे. मी अंगणवाडी सेविका. दर महिन्याला गावातल्या पोरांना काट्यावर घालते आणि दर महिन्याला एखादी तरी आई विचारते, "बाई, तुमचं वजन कंच्या काट्यावर करतात?" शेजारच्या बाया खोखो हसतात. मीही हसते. (जाड माणसाला हसावंच लागतं. नाही हसलं तर 'जाड ती जाड, वर तोऱ्याची' असं होतं.)

लोकांना वाटतं, जाड बाई सारखी पक्वान्नं खात असणार. सांगते ऐका. लग्न झाल्यापासून मी एकही पक्वान्न गरम असताना खाल्लेलं नाही. मी खाल्लं ते उरलेलं! सगळ्यांची जेवणं झाली की ओट्याशी उभी राहून टोपाच्या बुडाचा भात, कोणाची अर्धी भाकरी, आमच्या ह्यांनी दोन घास खाऊन सोडलेली भाजी. मागून सासूबाईंचा आवाज ठरलेला, "टाकू नको गो मंदा, खाऊन टाक." मी खाऊन टाकायचे. आणि मग तीच मंडळी ओटीवर पाय पसरून म्हणायची, "मंदा खाते किती!"

शेवटी गुडघ्यांनी हात टेकले, साखर वाढली आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सांगितलं. नव्या रस्त्यात आमच्या शेताचा एक तुकडा गेला होता, त्याचे पैसे आलेले होते. ते तिकडे लागले. "पयलं जमीन रस्त्यानं खाल्ली, उरली ती हिच्या पोटानं," असं सासूबाईंनी शहापूरच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा सांगितलं.

ऑपरेशननंतर मी आधी चमच्याने पाणी प्यायले, मग पेजेचं पाणी, मग डाळीचं पाणी, मग सगळं लगदा करून. घरातल्यांसाठी भाकऱ्या मात्र मीच थापत होते. ऑपरेशन माझं झालं होतं, गॅसच्या शेगडीचं नाही! तव्यावर भाकरी फुगली की त्या वासाने मला रडू यायचं. खरंच यायचं. मी पदराने डोळे पुसायचे आणि हे म्हणायचे, "धूर झाला काय गो?" गॅसवर कुठला आलाय धूर?

त्या दिवसांत मी मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. दातांनी चावायचा पहिला घास मी गरम खाणार. माझ्या ताटात, बसून, एकटीने. कोणाच्या पुढचं उरलेलं नाही. बाकी मला काही नको होतं.

अखेर हॉस्पिटलातल्या आहाराच्या मॅडमचा फोन आला. ह्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण आमच्या घरात फोन एकट्याचा नसतो.

"ताई, उद्यापासून सॉलिड सुरू करा. एक अंडं मऊ उकडून. बारीक चावायचं, बरोबर पाणी नाही. पोट भरल्यासारखं वाटलं की त्या क्षणी थांबायचं. उरलं तर टाकून द्या."

'टाकून द्या' ऐकल्यावर तांदूळ पाखडणाऱ्या सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"तेल, तळलेलं, मटण काही नाही. अडकलं तर परत ॲडमिट व्हावं लागेल. अगदी लहान बाळासारखं समजा. जसं काही आयुष्यात पहिल्यांदाच खाताय."

फोन बंद झाला. सासूबाई विचारात पडल्या. "पयल्यांदाच? मंग मामाला नको बोलवायला?"

मी हसले. तेवढीच माझी चूक. आमच्या घरात सून हसली की ती हो म्हणाली असं धरतात.

माझे मामा मुरबाडकडे म्हसा गावाजवळ राहतात. वय सत्तरीपुढे, पांढरं कडक धोतर, पंजा सुपाएवढा. माझ्या खऱ्या उष्टावणाला त्यांनीच मला पहिला घास भरवला होता आणि पुढे मी जे काही झाले त्याचं श्रेय ते त्या घासाला देतात. ह्यांचा फोन जाताच ते म्हणाले, "पयला घास मीच घातलेला, आता दुसराबी मीच घालीन!"

सकाळी जीपगाडी दारात उभी राहिली. मामा उतरले. मामी उतरल्या. मामांचे दोन्ही मुलगे सुनांसकट उतरले. मागून पाय बांधलेला एक कोंबडा आणि म्हशाच्या जत्रेतल्या मिठाईच्या पिशव्या उतरल्या. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की एवढ्यांचा स्वयंपाक कोण करणार?

बाळ करणार! स्वतःच्या उष्टावणाचे कोंबडी-वडे स्वतः तळणारं बाळ ठाणे जिल्ह्यात मीच पहिलं असेन.

तेवढ्यात आमच्या अंगणवाडीची मदतनीस कमळ फुगे आणि मुकुट घेऊन आली. "बाई, तुमी गावातल्या एवढ्या पोरांची उष्टावणं केलीत. तुमच्याला मुकुट नको?" त्या घरात माझ्यासाठी मायेने केलेली ती एकच गोष्ट होती, म्हणून मी डोकं पुढे केलं. पुढचे सगळे वडे मी मुकुट घालून तळले.

शेगडीच्या कोपऱ्यावर एका छोट्या टोपात माझं अंडं उकडत होतं. ते मी सोलून वाटीत ठेवलं आणि पीठ मळायला वळले. परत बघते तर वाटी रिकामी.

"मामी, इथं अंडं होतं."

"सोडला ना रश्शात. एकटा अंडा काय खाशील गो, पोरी?"

झालं! माझा पहिला घास कोंबड्याच्या रश्शात बुडाला. मी दुसरं अंडं काढणार, तोवर बाहेरून हाका सुरू झाल्या.

पाटावर बसायचं होतं. "नको, नको," हे म्हणाले, "पाटावर बसली तर उठवायला क्रेन बोलवाया लागंल." सगळे हसले. मग मी खुर्चीवर बसले आणि पाट पायाखाली घेतला. ह्यांनी मोबाइल काढला आणि व्हिडिओ सुरू केला. सासूबाईंनी ओवाळलं. मामांनी बोटातली अंगठी खिरीत बुडवून माझ्या जिभेला लावली. थेंबभर खीर. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मी उठायला लागले.

"थांब गो मंदे," मामांनी माझ्या खांद्यावर पंजा ठेवला. "ही काय सॉलिड हाय? डॉक्टरीण काय बोलली?"

"सॉलिड!" सासूबाई म्हणाल्या.

मामांनी पुरीएवढा अख्खा वडा उचलला, त्यात कोंबड्याचा तुकडा दडपला आणि घडी घातली.

"मामा, नको. मॅडम तळलेलं नको बोलल्यात. अडकलं तर परत ॲडमिट करतील."

"मामाच्या हातच्याला नाय बोलतेस? आज? पाट मांडलेला असताना?"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. मामाचा घास परतवणं म्हणजे माहेर तोडणं, असं आमच्याकडे मानतात. सासूबाई हळूच म्हणाल्या, "घे गो. टाकू नको." आणि मी तोंड उघडलं. दुसरं काही करायची मला सवयच नव्हती.

टाळ्या वाजल्या! "बघा, खाल्लान का नाय!" सासूबाई म्हणाल्या. वडा मात्र छातीच्या मधोमध उभा राहिला. खाली जाईना, वर येईना. मला घाम फुटला, डोळ्यांपुढे फुगे नाचायला लागले (काही खरे होते). आणि मग तो वर आला. तुकडा, खीर आणि सकाळपासूनचा माझा सगळा राग, एकदम मामांच्या कडक धोतरावर!

"आसूदे, आसूदे," मामी म्हणाल्या, "बाळं काढतातच वर."

ह्यांनी घाईघाईत मॅडमना फोन लावला. स्पीकरवर, अर्थात.

"काय खाल्लं त्यांनी?"

"वडा."

"कोणी दिला वडा?"

"भरवला. हिच्या मामांनी."

"त्या मामांना आधी घराबाहेर काढा!"

मामा ह्यांची लुंगी नेसून दारातच उभे होते. फार दुखावले. इतके दुखावले, की पहिल्या पंगतीला बसले. मग सगळेच बसले. माझ्या उष्टावणाला माझ्याशिवाय सगळे पोटभर जेवले, आणि जेवताना बोलणं एकच, की ऑपरेशन वाया गेलं, हिला जेवणच सोसत नाही, जमीन गेली ती गेलीच. मी मुकुट घालून वाढत होते. दुखतंय का, असं एकट्या कमळने विचारलं, तेही जाता जाता. मला त्या दिवशी त्या भरल्या घरात फार एकटं वाटलं. हे विनोदाने लिहायचं होतं, पण नाही जमत.

दुपारी सगळे ओटीवर आडवे झाले. घोरणं सुरू झालं. छाती शांत झाली होती. मी मुकुट काढला, एक अंडं उकडलं, ताट घेतलं, खुर्ची ओढली आणि बसले. वर मीठ, चिमूटभर मिरपूड. हाताला चटका बसत होता इतकं गरम! मी चावलं, अगदी बारीक चावलं. आजवर मी गावभरच्या मुलांना अंडी खाऊ घातली, पण अंड्याला अशी चव असते हे मला माहीत नव्हतं. मी रडत होते आणि खात होते आणि मला मध्येच हसूही येत होतं.

अर्ध्यावर पोट भरलं. मॅडमनी सांगितलं होतं तसं, त्या क्षणी कळलं. मी थांबले.

ताटात अर्धं अंडं उरलं. माझं उरलेलं! आता ते कोणाला द्यायचं? मी घरभर नजर फिरवली. आमच्या घरात उरलेलं खाणारं माणूस एकच होतं. सासूबाई तर गाढ झोपल्या होत्या, कोणी काही बोललंही नव्हतं. तरी मी ताट उचललं, ओट्याशी गेले आणि उभ्या उभ्या ते खाऊन टाकलं.

थोड्याच वेळात ते सगळं मोरीत वर आलं. या वेळी मी स्वतःच फोन लावला, स्पीकर बंद करून, हळू आवाजात.

"आता काय खाल्लं, ताई?"

"अंडं."

"किती?"

"अख्खं. अर्ध्यावर पोट भरलं होतं."

"अहो, मग थांबायचं ना! पोट भरल्यावर कोणी भरवलं?"

मी बाहेर बघितलं. दोरीवर धोतर वाळत होतं आणि त्याच्याखाली ह्यांच्या लुंगीत मामा निवांत घोरत होते.

"मामांनीच," मी म्हटलं. "अजून गेले नाहीयेत."