दादांचं ताट

माझी मोठी जाऊ रुक्मिणी हिने अर्ध्या दिंडोशीला जेवू घातलं आणि स्वतः कायम शेवटी जेवली. पहाटेपासून डब्यांच्या पोळ्या, मग घरच्यांचं, मग नवऱ्याचं ताट. सगळं आवरलं की कढईला लागलेली भाजी पोळीने पुसून ही ओट्याशी उभ्या उभ्या चार घास खाणार. मी तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. आमचे नवरे सख्खे भाऊ. तिला मी वैनी म्हणते, पण आमच्यात अहोजाहो कधी आलं नाही आणि भांडण कधी चुकलं नाही.

तिचा नवरा म्हणजे सुबोधदादा. अंधेरीच्या एका कंपनीत पॅकिंग सुपरवायझर होते. सगळे म्हणायचे, काय शांत माणूस! कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. खरंय, पण दादांना त्याची गरजच पडत नसे. मनाविरुद्ध काही झालं की ते ताटावर येऊन बसायचे आणि अन्नाला बोट लावायचे नाहीत. उठायचेही नाहीत. मान जराशी डावीकडे कलती करून भाताकडे बघत राहायचे. आमटी गार व्हायची, पोळी वातड व्हायची, माणूस ढिम्म. वैनी आधी दुर्लक्ष करायची, मग चिडायची, मग रडकुंडीला यायची आणि शेवटी म्हणायची, "बरं बाबा, तुझंच खरं." तसे दादा लगेच भात कालवायला घ्यायचे. फ्रिजचा रंग त्या ताटावर ठरला आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, प्रांजलचं, कॉलेजही तिथेच ठरलं. वैनीला एका शाळेच्या कॅन्टीनचं काम चालून आलं होतं, ते त्या ताटावर बुडालं. असली माणसं माझ्या डोक्यात जातात. मी वैनीला तोंडावर सांगायचे, "नको जेवू दे, मरत नाही."

माझा नवरा नंदू याच्या अगदी उलट. हा भांडण झालं तरी आधी जेवून घेणार आणि मग भांडणार. मला त्याचं तेवढंच एक कौतुक होतं.

दादा रिटायर झाले, प्रांजल बंगळूरला नोकरीला गेली, आणि दोघांनी ठरवलं की आता मुंबई पुरे. दिंडोशीची जागा भाड्याने द्यायची आणि समुद्राकाठी जाऊन निवांत राहायचं. इथपर्यंत एकमत होतं. समुद्र कुठला, यावर गाडी अडली.

दादांना वेंगुर्ल्याकडे जायचं होतं. तिथे आमचं गाव आहे, दादांनी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, मागे माड, पुढे शेत, आणि हाकेच्या अंतरावर सगळी भावकी. ताजी मासळी, दशावतार, जत्रा. मला विचाराल तर जागा झकास आहे. पण वैनी म्हणायची, "ऋता, तिथे मी सूनच राहणार गं. मे महिना सुरू झाला की सगळी मुंबई जेवायला हजर."

तिला पालघरजवळचं केळवं हवं होतं. डब्याच्या गिऱ्हाइकांबरोबर एकदा सहलीला गेली होती. सुरूची झाडं, पानवेलींच्या वाड्या, लांबच लांब वाळू, आणि ओळखीचं एक माणूस नाही. तिथे एका वाडीत तिने भाड्याचं छोटं घर हेरून ठेवलं होतं. "एका वाटीचा भात लावायचा," ती म्हणायची, "गरम असतानाच खायचा, आणि खुर्ची घेऊन समुद्रावर जाऊन बसायचं. बस!" एवढंच तिचं स्वप्न. सांगतानाही तिचा चेहरा असा उजळायचा की मला कसंतरी व्हायचं.

या वेळी मात्र वैनी नमली नाही. दादा ताटावर बसले, आणि तिने "तुझंच खरं" म्हटलं नाही. एका दुपारी असेच बसले असताना ती आतून दही आणायला गेली. परत आली तर दादांची मान कलती होती ती तशीच. हाक मारली, हलवलं, तेव्हा कळलं. ताटातला भात जसाच्या तसा होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वैनी मला म्हणाली, "एकदा हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" मला माझंच ते 'मरत नाही' आठवलं. 

दहाव्याला आम्ही खाडीकाठच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे ढीगभर, पण एकही शिवेना. मग एक खाली उतरला. त्याच्या उजव्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं. मुंबईत मांज्याने कितीतरी कावळ्यांची बोटं गेलेली असतात, त्यात नवल नाही. पण तो पिंडासमोर बसला आणि मान डावीकडे कलती करून भाताकडे बघत राहिला. मी वैनीकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

रीतीप्रमाणे एकेकाने शब्द द्यायला सुरुवात केली. प्रांजल म्हणाली, "बाबा, मी आईला सांभाळेन." कावळा ढिम्म. कोणी म्हणालं वर्षश्राद्ध गावी करू, कोणी म्हणालं प्रांजलचं लग्न थाटात करू. काही नाही. ऊन डोक्यावर आलं. सगळे वैनीकडे बघायला लागले. ती तोंड उघडेना. आणि माझा नवरा, ज्याच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, तो वैतागून ओरडला, "दादा, वैनी वेंगुर्ल्याक जातली रे! तुझ्याच गावात ऱ्हवतली! आता शीव रे बाबा, माका भूक लागली!"

कावळ्याने चोच मारली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि वैनीचा निकाल लागला. तिच्या वतीने दुसऱ्याने शब्द दिला, मेलेल्या माणसाने तो घेतला, आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मी नंदूची अशी खरडपट्टी काढली की बास. तो म्हणाला, "अगं यार, कुणीतरी काहीतरी बोलायला नको का? कावळा तर शिवला ना?" आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

वैनी बिचारी शब्दाला जागली. वेंगुर्ल्याला गेली. मी आणि नंदू तिला सोडायला गेलो होतो. पोचलो तेव्हा शेजारच्या चुलतसासूबाईंनी तिच्या घरात जेवणाची पानं मांडून ठेवली होती. आम्हा तिघांची तीन, आणि भिंतीशी, दादा बसायचे तिथे, एक वेगळं. मी विचारलं, हे कोणासाठी? त्या गोंधळल्या. "माका खंय म्हायत?" म्हणाल्या, "हात आपसूक गेलो." वैनीने परसात भात टाकला तर कावळ्यांची नुसती झुंबड. तुटक्या बोटाचा सगळ्यात पुढे, आणि इतका धीट की तिच्या हातातला घास घेईल.

महिन्याभराने मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "इथे सगळं छान आहे. पाणी छान, हवा छान." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऋता, मी परत उभ्यानेच जेवायला लागलेय गं. शेवटी. आणि रोज मला वाटतं की भिंतीकडचा माणूस समाधानाने हात चाटतोय."

त्याच आठवड्यात ती घराला कुलूप लावून निघाली आणि थेट केळव्याला गेली. भावकीत बोंबाबोंब झाली. नंदूसुद्धा म्हणाला, "मयताला दिलेला शब्द मोडला, आता वाट लागली." मी म्हटलं, शब्द दिला कोणी?

पावसाळा संपल्यावर मी तिला भेटायला गेले. केळवे रोड स्टेशनला उतरले, रिक्षा केली. वाडीतलं ते घर खरंच गोड होतं. अंगणात अबोली, मागे सुरूंचा आवाज, आणि त्याच्या मागे समुद्राचा. वैनी काळी झाली होती, भरली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मला ती तिच्या वयाची दिसली.

पण अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर तो बसला होता. तुटक्या बोटाचा.

"आल्या दिवसापासून आहे," वैनी म्हणाली. "मी रोज वाढते."

तिने दादांच्या स्टीलच्या ताटात भात, आमटी, तळलेल्या बोंबलाचा तुकडा असं सगळं नीट वाढलं आणि कठड्यावर नेऊन ठेवलं. कावळा ताटासमोर सरकला. मान डावीकडे कलती केली. भाताकडे बघत राहिला. वारा होता, सुरू हलत होते, त्याचं एक पीससुद्धा हलत नव्हतं. बोंबलाचा वास सुटलेला आणि आसपास दुसरा एक कावळा नाही, मांजर नाही, माशीसुद्धा नाही.  त्याची छाती पार आत गेली होती. पंखांखाली नुसता सापळा होता.

"वैनी, हा मरेल गं."

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं," ती म्हणाली. "रडले, हात जोडले. जिभेवर आलं होतं, बरं बाबा, तुझंच खरं. मग म्हटलं, थांब. वाढायचं माझं काम. खायचं त्याचं."

असं म्हणून तिने स्वतःचं ताट घेतलं, पायरीवर मांडी घालून बसली आणि जेवायला लागली. सावकाश, गरम गरम, बोटं चाटून. कावळा तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मला घास उतरत नव्हता. तिला उतरत होता.

मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. वळून कठड्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, मला नाही, त्याला ऐकू जाईल अशा बेताने, "नंदूभावजींना सांग. वेंगुर्ल्याचा शब्द त्यांनी दिलाय. त्यांनीच पाळावा."

मी मागे पाहिलं. कठड्यावर फक्त ताट होतं.

घरी आल्यावर मी हा निरोप नंदूला हसत हसत सांगितला. तो हसला नाही.  काल दुपारी मी त्याला आवडतं म्हणून बांगड्याचं तिखलं केलं, ताट वाढलं आणि हाक मारली. तो येऊन बसला. मी भांडी घासायला ठेवून आले तरी ताट तसंच. ज्या माणसाने सख्ख्या भावाच्या दहाव्याला भूक आवरली नाही, तो तिखल्याकडे नुसता बघत होता. मान डावीकडे कलती.

"काय झालं?" मी विचारलं.

"आपण वेंगुर्ल्याला राहायला जाऊ या," तो म्हणाला. आवाज अगदी शांत. नंदू असा शांत कधीच बोलत नाही.

खिडकीच्या ग्रिलवर काहीतरी फडफडलं. मी तिकडे बघायच्या आधीच मला माहीत होतं की कुठलं बोट तुटलेलं असणार. मी खोटं कशाला बोलू, ओठांवर तेच शब्द आले होते, जे वैनी आयुष्यभर म्हणत आली. एवढंच म्हणायचं की सगळं सुरळीत होणार, तो भात कालवणार, तो ग्रिलवरून उडून जाणार.

मी आत गेले. माझं ताट घेतलं, बांगड्याचा मोठा तुकडा त्यात वाढला, नंदूच्या समोर मांडी घालून बसले आणि पहिला घास घेतला.