गारंबीबाई

गारंबीबाई वर्गात पुस्तक विसरून यायच्या, कानस कधीच नाही. पिशवीतून चपटी, तपकिरी, तळहात भरेल एवढी गारंबीची बी काढायच्या आणि हजेरी घेता घेता घासत बसायच्या. "कवच लई टणक असतं हिचं. घासल्याबिगर पाणी आत जात नाय. तुमच्यातल्या काहींचं बी तसंच हाय," म्हणत शेवटच्या बाकाकडं बघायच्या.

मराठवाडा महाराष्ट्रात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. औरंगाबादच्या आमच्या कॉलेजात बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या गंगापूरच्या, एम.एस्सी. झाल्या तरी बोली सोडली नाही. गारंबी म्हणजे मोठमोठ्या झाडांवर चढणारी, जाडजूड खोडाची रानवेल. तिची बी नदीतून समुद्रात जाते आणि तरंगत कुठल्या कुठं लागते. आफ्रिकेत ती आहे, कोकणात आहे, पार ऑस्ट्रेलियातही आहे.

"मग आपल्याकडं का नाय?" बाईंनी विचारलं.

"समुद्र नाही म्हणून," मी म्हटलं.

"आन् पाऊस? तो काय मामाच्या गावाला गेलाय?"

तरीही त्यांनी एक बी नळाच्या सांडपाण्यापाशी पेरली. जाड कोंब आला. गुडघ्याला लागला, कमरेला लागला, पण पान म्हणून नाही. आमचे विभागप्रमुख, म्हणजे साहेब, रोज विचारायचे, "बाई, काठी रोवलीत का?"

"साहेब, अक्कलदाढ बी उशिराच येते. तुमची तर अजून यायचीय."

मग पानं फुटली, टोकाला ताणे आले आणि वेलीनं साहेबांच्याच खिडकीचे गज धरले. साहेबांचा सूर बदलला. जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी ते छापणार होते. तीत त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं, 'गारंबी : औरंगाबादेत आढळते.' बाईंनी सगळ्यांसमोर त्या ओळीवर काट मारली.

"लावलेली वेल आढळली कशी म्हणायची? मग मी बी काश्मिरात आढळते. सहलीला गेल्ते."

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. जूनमध्ये बाईंची बीडला बदली झाली. एसटीत चढताना आम्हा पोरींना म्हणाल्या, "वेलीची खबर देत जा. अंदाजानं नको, मोजून."

पुढच्या उन्हाळ्यात नळ आटला. मी बादल्या वाहिल्या, तरी वेल वाळली. तीन दिवस हातात कार्ड घेऊन बसले आणि शेवटी लिहिलं, 'वाळली. अकरा फूट झाली होती.'

बाईंचं उत्तर आलं : 'तुझं कार्ड आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. बाकीच्या पोरींनी कळवलंय, वेल छपरावर गेली. खरं तू एकटीनं लिहिलंस. एम.एस्सी.चा फॉर्म भर.'

मी भरला.