कळकलेल्या कढीचा दावेदार

रस्त्यात कोणी भेटला की रामराम करायच्या आधी तो म्हणे, "जीभ दाखवा बरं बाप्पा." तुम्हाला वाटेल, वैद्य असेल. छे. वाशीमच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा माणूस. जिभेवर त्याला रोग दिसत नसे, दावा दिसे.

सरकी काढायच्या जिनातली बाई खोकली, की कापसाच्या धुळीचा दावा. रंगाऱ्याच्या हातांना फोड आले, की रंगाचा. कलईवाल्याला घेरी आली, की नवसागराच्या धुराचा. त्याच्या मते या गावात कोणी आपल्या मरणाने मरतच नव्हतं. मालकाने डोळे वटारले की दावेदार पळून जात. हा अर्ज घेऊन एकटाच उभा.

लग्नाची भांडी भाड्याने देण्याचा माझा धंदा. एका गंजावर, म्हणजे एका मोठ्या पातेल्यावर सुरू केलेला, कोणाच्या बापाच्या जिवावर नाही. अनसिंगच्या एका लग्नात माझ्या तांब्याच्या गंजात कढी रात्रभर राहिली, तांबं उतरून कळकली, आणि सकाळी ती खाऊन वऱ्हाडी ओकले. हा लगेच हजर.

"शेठ, गंजाची कलई उडाली हाय."

"रात्रभर कढी ठेवाले मी सांगतलं होतं काय?"

"गंज कोनाचा?"

वऱ्हाड्यांच्या वतीने त्याने मला पंचांपुढे उभं केलं. लगीनसराई तोंडावर. नाव गेलं असतं तर माझी भांडी कोणी दारात घेतली नसती. पण आपल्या मांडवात विष वाढलं, हे कोण कबूल करील? वरपिता आणि वधूपिता एका सुरात म्हणाले, वऱ्हाडी उन्हाने ओकले.

मी जिंकलोच होतो. तरी याची टकळी थांबेना. माझं डोकं फिरलं.

"मंग तुमीच पेऊन दाखवा."

त्याने त्याच गंजात कढी करून रात्रभर ठेवली. सकाळी ती हिरवट कढी पंचांसमोर वाटीभर प्यायला. दुपारी देवळामागे ओकत होता. ओकता ओकताच म्हणाला, "आता साक्षीदार मी. लिवून घ्या."

पंच म्हणाले, "जानूनबुजून पेला, त्याले कायची भरपाई?"

दावा गेला, पण ओकारी साऱ्या गावाने पाहिली. त्या सराईत माझा एक गंज जागचा हलला नाही. सगळ्या भांड्यांना नवी कलई केली, तेव्हा कुठे गिऱ्हाईक परतलं. याचं श्रेय मी त्याला दिलं नाही, देणारही नाही.

पुढे तो तापाने गेला. घरच्यांनी तेरवीला भांडी आणली ती वाशीमजवळच्या मालेगावहून. माझं दुकान दोन गल्ल्यांवर असताना. तरी गेलो. पंगतीत बसण्याआधी सवयीने एका गंजात डोकावलो, तर कलई उडून आतून लालभडक तांबं. यांच्यावर आजच अर्ज ठोकतो म्हणून तरातरा दारापर्यंत आलो, आणि आठवलं, आपण कोणाच्या तेरवीला आलो आहोत.