एकदाच विचारायचं

गिरण्यांचा संप लांबत चालला होता तेव्हाची गोष्ट. घाटकोपरला आमच्या घराजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये संपकऱ्यांच्या बायकामुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवण सुरू झालं होतं. मी कॉलेजात होते, दुपारी मोकळी असायचे, म्हणून वाढायला जाऊ लागले. वाढण्यात शिकायचंय काय, असं मला वाटत होतं. लग्नामुंजीच्या पंगतींत वाढतच मी मोठी झाले होते.

ते केंद्र एक निवृत्त मास्तर चालवायचे. माणूस खरोखर चांगला, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. "पहिला डाव सगळ्यांना वाढायचा. मग एकदाच विचारायचं. नको म्हटलं की पुढे सरकायचं. आग्रह करायचा नाही, अन्न वाया जाता कामा नये." मलाही तो पटला. ऐकायला किती शहाणपणाचा वाटतो!

पंगतीच्या टोकाला एक बाई बसायची. मालवणकडची. नवरा गिरणीत, म्हणजे आता घरीच. शेजारी मुलगी, मांडीवर तान्हं मूल. मुलीला ती पोटभर वाढून घ्यायची. तिचा स्वतःचा पहिला डाव भात केव्हाच संपलेला असायचा आणि ती पत्रावळीवरची शितं बोटाने टिपत बसायची. मी जाऊन विचारायचे, "वाढू?" की लगेच पत्रावळीवर हात आडवा. "नको गो बाय, पोट भरला." नियमाप्रमाणे मी पुढे. मांडीवरचं मूल पदराखाली चोखायचं, सोडायचं आणि रडायचं. पुन्हा चोखायचं, पुन्हा रडायचं. आईच्या अंगावर दूध नव्हतं, दुसरं काय? ते कळायला डॉक्टर लागत नाही.

एक दिवस ते रडणं मला सहन होईना. हात आडवा झाला तरी मी हलले नाही.

"घ्या हो ताई, एवढंसं तर आहे."

"नको गो."

"बरं, अर्धाच डाव. माझ्यासाठी."

"अगो, पुरे झाला..." आणि हात बाजूला झाला. मी डाव पूर्ण भरून घातला. तो संपल्यावर तेच सगळं पुन्हा, आणि पुन्हा एक डाव. मान वर न करता ती जेवत होती. त्यानंतर मी तिला रोज तसंच वाढू लागले, हळूहळू इतरांनाही. थोड्याच दिवसांत ते मूल पंगतीत चक्क झोपायला लागलं.

म्हणजे आधी ती खोटं बोलत होती का? छे! आपल्यात पहिल्या फटक्यात हो म्हणतं तरी कोण? बारशाला जा, शेजारी चहाला जा. आपण नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, मग घ्यायचं. लहानपणी हे न पाळल्याबद्दल मी पाहुण्यांदेखत आईचा चिमटा खाल्लेला आहे. मास्तरांच्या घरी एकदा किल्ल्या आणायला गेले, तर काकूंनी बेसनाचा लाडू पुढे केला. मी नको म्हटलं. मास्तर स्वतः म्हणाले, "संकोच कसला करतेस? घे!" आणि बशीत आणखी एक लाडू ठेवला. मी भरपेट जेवून गेले होते. त्यांच्या घरी मी नको म्हटलं की तो संकोच, आणि त्यांच्या केंद्रात त्या बाईने नको म्हटलं की तिचं पोट भरलेलं. लाडू गिळताना माझा नुसता संताप झाला.

पुढे एके दिवशी देणगीदार मंडळी बघायला आली आणि नेमका एका आजोबांच्या पत्रावळीवर माझ्या आग्रहाचा भात उरला. मंडळींनी तो पाहिला. मास्तरांनी त्याच पंगतीत माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि मला पाण्यावर नेमलं.

मंडळी गेल्यावर मी भांडले. "अहो मास्तर, ती टोकाची बाई बघा. भूक असली तरी ही माणसं पहिल्यांदा नकोच म्हणतात."

"भूक असेल तर मागतील," मास्तर शांतपणे म्हणाले.

"नाही मागणार हो! तुम्ही तरी मागाल का?"

"एकीसाठी नियम बदलता येत नाही," ते म्हणाले आणि सतरंज्या गोळा करायला लागले. उरलेल्या त्या चार घासांबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. टाकला असेल भात. मग?

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारातच मी त्या बाईला गाठलं. म्हटलं, आता वाढायला दुसरी मुलगी आहे, ती एकदाच विचारेल, तेव्हा लगेच हो म्हणा. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगो, पयल्यांदाच होय म्हटला तर मागल्यासारख्या दिसता गो," ती म्हणाली. मी हात जोडले. मग चिडले. शेवटी ती "बरा, बरा" म्हणाली, पण माझी समजूत काढायला म्हणाली हे मला तेव्हाच कळलं. तिचाही राग आला मला. इतका कसला मेला मान, पोर रडतंय ना?

पंगत बसली. पहिला डाव झाला. नवी मुलगी पातेलं घेऊन आली, "वाढू?" म्हणाली. बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. ओठ जरासे हललेसुद्धा. मग हात पत्रावळीवर आडवा झाला. मुलगी गुणी होती, एकदाच विचारून पुढे गेली. मूल रडायला लागलं.

मी पाण्याचा जग घेऊन तिच्यापर्यंत पोचले. तिने पेला उचलून पुढे धरला. मी भरला, तिने एका दमात संपवला. पुन्हा भरला, तोही संपवला. मी पुढे जायला वळले तर तिने मला हाक मारली. पाणी मागण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही.

"बाय गो," ती म्हणाली, "आणखी वाढ."