धुतल्या तांदळाचा रिझोटो

आमच्या केतकीचं लग्न मी तांदूळ धुतल्यामुळे मोडता मोडता राहिलं.

झालं असं, की मुलाची आई, बोरिवलीच्या सामंतबाई, नुकत्याच इटली बघून आल्या होत्या. पहिल्याच फोनवर त्या अगदी शुद्ध मराठीत तिथल्या रिझोटोचं, म्हणजे चीज घातलेल्या दाटसर भाताचं, वर्णन करू लागल्या. मला कुठे गप्प बसवतंय! "रिझोटो ना? आमच्याकडे नेहमीच होतो. मीच करतो!" (तोवर मी फक्त चहा करत असे. तोही उतू घालवून.) झालं! रविवारी दुपारी मुलुंडला, आमच्याकडे रिझोटो खायला यायचं ठरलं.

केतकीने कपाळावर हात मारला. मग तिनेच तो खास तांदूळ, मशरूम, चीज सगळं आणून दिलं आणि पाहुण्यांना आणायला निघताना दारातून ओरडली, "बाबा, एकच लक्षात ठेवा. तांदूळ धुवायचा नाही! त्याच्या पिठामुळेच तर रिझोटो दाट होतो."

"कळलं गं! मी काय कुकुलं बाळ आहे?"

आता मला सांगा, मराठी माणसाच्या हातात तांदूळ आणि समोर नळ आल्यावर दुसरं काय होणार? डोकं इटलीत होतं, हात मुलुंडमध्येच! चोळून चोळून, पाणी नितळ होईपर्यंत धुतला. दुधासारखं पांढरं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं आणि बायकोला हाक मारली, "शुभा, बघ कसा लख्ख झालाय!"

"अहो, धुतलात?"

वाट लागली!

मग ढवळ ढवळ ढवळला. दंड भरून आले. पण शितं काही एकमेकांना शिवेनात. वाटणीवरून भांडलेली भावकी जशी! तेवढ्यात केतकीचा फोन. "बाबा, गेटपाशी आलो!"

माझी नजर ओट्यावरच्या पातेल्यावर गेली. आम्ही मालवणी, रविवारी न्याहारीला पेज, म्हणजे उकडा तांदूळ भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचा. सकाळची अर्धी उरली होती.

"शुभा, ती पेज ओत यात!"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"ओत गं! पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे!"

ओतली. वर मूठ मूठ चीज. काय दाटपणा आला म्हणता! झकास!

सामंतबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबल्या. दुसरा घातला. डोळे मिटले. केतकी माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे.

"गो बाये माझे!" बाईंची शुद्ध मराठी एका घासात थेट वेंगुर्ल्याला पोचली. "ही तर पेज!"

मी हात जोडून उभा राहिलो. "ताई, चूक माझी. पोरीचा काही दोष नाही. तांदूळ मी..."

"ता ऱ्हवांदे. लोणचा आसा?"

शुभा बरणी घेऊन धावत आली. "सगळ्या इटलीत हेच खात फिरले हो," बाई फोड चोखत म्हणाल्या, "पण एकाकडे लोणचं असेल तर शपथ!" तिसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी साखरपुड्याचा विषय काढला आणि माझा जीव भांड्यात पडला. (भांडं अर्थात पेजेचं.)

लग्न झकास झालं. माझ्या पाककलेचं नाव सामंतांकडे अजून निघतं. घरात कुणाचं पोट बिघडलं, की विहीणबाईंचा लगेच फोन, "व्याही, तुमचा तो इटालियन पाठवा. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय!"