झोपून बघायच्या साड्या

किस्से हे ब्लाउजपीससारखे असतात. कपाटात जागा नसते, टाकवत तर अजिबात नाहीत, आणि एक काढायला जावं तर दहा अंगावर पडतात! परवा घाटकोपरला भाजी घेताना नलिनी भेटली. ‘चंद्रवेल’च्या काउंटरवर ती असायची, वरच्या माळ्यावर मी. आम्ही दोघी रस्त्यातच इतक्या हसत सुटलो की भाजीवाला म्हणाला, "ताई, जरा बाजूला होऊन हसा ना, गिऱ्हाईक दिसत नाय मला!"

घरी आले तरी डोकं तिथेच राहिलं. म्हटलं, एकदा या सगळ्यांची घडी मोडूनच टाकू या.

*

आधी चंद्रवेल म्हणजे काय ते सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. खाली शोरूम, वर माळ्यावर साड्या तयार व्हायच्या. फक्त लग्नाच्या, फक्त रेशमी, सगळं काम हाताचं. किंमत सांगायच्या आधी नलिनी गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची, म्हणजे बघा.

दोन बहिणींनी हे सगळं उभं केलं होतं, मूळच्या मालवणच्या. थोरल्या माई डिझाइन काढायच्या आणि धाकट्या बाई धंदा बघायच्या. मला नोकरीला घेताना माईंनी एकच प्रश्न विचारला, "दुपारी झोप लागते का?"

मला वाटलं, परीक्षा बघतायत. मी ताठ बसून म्हणाले, "छे छे, ऑफिसच्या वेळेत मी कधीच झोपणार नाही!"

"मग तुमचा काही उपयोग नाही," माई म्हणाल्या आणि उठल्याच.

मी घाबरून म्हटलं, "म्हणजे तशी घरी पडल्या पडल्या लागते!"

"उद्यापासून या."

माईंचं म्हणणं असं की नवरीला साडीत सकाळपासून रात्रीपर्यंत राहायचं असतं. जी नेसून दुपारची झोपसुद्धा लागत नाही, ती दिवसभर कशी सोसायची? म्हणून नवी साडी तयार झाली की मी ती नेसायची, जेवायचं, आणि माळ्यावर चटई टाकून झोपायचं. मस्टरवर माझं पद होतं ‘फिटिंग असिस्टंट’. पण सासूबाईंना खरं सांगावं लागलं.

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग हळूच विचारलं, "आणि जागी राहिलीस तर पगार कापतात का गं?"

*

झोपून उठलं की माई आधी माझा गाल बघायच्या. जरीची बुट्टी गालावर उमटली असेल तर साडी नापास. जर टोचते म्हणजे काम ओबडधोबड, सगळं उसवायचं. या नियमाला माईंकडे माफी नव्हती.

एकदा एका पैठणी पदराची अख्खी कोयरी माझ्या गालावर उमटली, आणि ती संध्याकाळपर्यंत जाईना. तशीच घरी गेले. सासूबाई म्हणाल्या, "पित्त उठलंय!" आणि आमसुलाचं पाणी आणून खसाखसा चोळायला लागल्या. ह्यांनी पेपर खाली करून नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आई, पित्ताला देठ असतो का?"

*

गालानंतर माईंचा दुसरा प्रश्न असायचा, "काय दिसलं?"

म्हणजे स्वप्नात काय दिसलं! त्या माळ्यावरची दुपार आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रंगवून आणलेली रेशमी कापडं दोरीवर टांगलेली असायची. पंख्याच्या वाऱ्यावर ती हलली की जमिनीवर कधी आमसुली, कधी हळदी, कधी मोरपंखी उजेड पडायचा. लांबून भंगारवाल्याची हाक यायची, मग तीही विरून जायची. अशा उजेडात जे दिसतं ते घरच्या गादीवर दिसत नाही. मी मालवण पाहिलेलं नव्हतं, पण निळ्या साडीत झोपले की मला खाडी दिसायची. मी सांगेन ते माई कान देऊन ऐकायच्या आणि पुढच्या साडीत ते कुठेतरी उतरायचं.

एके दिवशी मला फक्त ओले बोंबील दिसले. सांगायचीसुद्धा लाज वाटली, पण सांगितलं. माई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अंगावरचा रंग कसा होता? रुपेरी? आणि आत गुलाबी?"

त्या रंगाची साडी पहिल्याच दिवशी गेली. मुलुंडच्या एका शुद्ध शाकाहारी घरातली मुलगी ती नेसून बोहल्यावर चढली. आपलं लग्न बोंबलाच्या रंगात लागलं, हे त्या घराला अजून माहीत नाही!

*

माळ्यावर माझ्या चटईच्या शेजारी दुसरी एक मोठी चटई असायची. तिच्यावर दोघी बहिणी पडायच्या. बाई पुढे, माई मागे, आणि माईंचा हात बाईंच्या खांद्यावर. हे प्रेमाने नव्हे हां! बाई मधेच उठून हिशोबाला बसायच्या म्हणून तो हात. "दाबून ठेवल्याशिवाय ही झोपत नाही," माई म्हणायच्या.

मग माई गेल्या. आठवड्याच्या तापाने गेल्या, कोणाच्या ध्यानीमनी नसताना.

त्यानंतर बाई चटईवर पडल्याच नाहीत. दुपारी खिडकीपाशी खुर्ची घेऊन ताठ बसायच्या. रात्रीही झोप नव्हती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. जुनी डिझाइनं फिरवून फिरवून आम्ही काही दिवस ढकलले. तेवढ्यात समोर ‘धुवा आणि नेसा’वाल्या पॉलिएस्टर साड्यांचं दुकान आलं आणि आमची वाट लागली.

बाईंचा मुलगा शिरीष. शिकलेला, हुशार, पण घाईचा. त्याने एका परदेशी मासिकातून शब्द आणला, "आई, आपल्याला क्रिएटिव्ह डायरेक्टर पाहिजे."

बाई चिडल्या की मालवणीत जायच्या. "डायरेक्टर कित्याक? पिक्चर काढूचो आसा काय?"

पण शिरीषने स्पष्टच सांगितलं. दिवाळीपर्यंत माईंच्या जागी कोणी मिळालं तर ठीक. नाहीतर शोरूम त्या पॉलिएस्टर कंपनीला द्यायची आणि माळा बंद. माळा बंद म्हणजे आम्ही सगळे घरी, आणि माईंचं सगळं भंगारात. बाई म्हणाल्या, "बघूया. पण माईच्या पद्धतीन."

म्हणजे येईल त्याने एक साडी करून आणायची, आणि मी झोपायचं.

*

पहिला आला तो काळा गॉगल लावून. माळ्यावर चढला तरी काढेना. त्याच्या साडीवर धातूच्या टिकल्याच टिकल्या होत्या. मी कूस बदलली की भांड्याचं कपाट पडल्यासारखा आवाज यायचा. तिसऱ्या कुशीला खालून नलिनी धावत आली, "काय फुटलं गं?"

गॉगलवाला म्हणाला, "मॅडम, फॅशन ही झोपायची गोष्ट नाही."

बाई म्हणाल्या, "मगे भटजींचे मंत्र संपापर्यंत नवरीन काय करूचा?"

दुसऱ्या आल्या त्या सिनेमाचे कपडे करणाऱ्या. त्यांच्या ब्लाउजला खांद्यावर हे एवढाले पॅड! तेव्हा ती फॅशनच होती, यार. मी कुशीवर वळले तर डोकं अधांतरी. बाईंनी साडी परत केली, पण पॅड मात्र मागून घेतले. शिलाई मशीनचा एक पाय कित्येक दिवस डुगडुगत होता, तो अगदी झकास बसला.

*

तिसरा एक गोड, लाजाळू मुलगा. त्याची साडी नेसले आणि मला आठवतंय ते एवढंच! उठले तेव्हा चहा होऊन गेला होता. गाल स्वच्छ. शिरीष खूश होऊन म्हणाला, "पास! लेटर टाइप करू?"

बाईंनी पदर हातात घेतला, चुरगळला, नाकाशी नेला. "कोणाचा शालू हा, बाळा?"

मुलगा लाल झाला. म्हणाला, "आईच्या लग्नातला. नवीन रंग दिलाय."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मऊ व्हायला इतकी वर्षं लागली. नवरीला थांबायला सांगू का?" पण जाताना त्याच्या आईसाठी हलव्याचा डबा दिला.

*

एवढं झाल्यावर शिरीष भडकला. "झोप काय, गाल काय! हा काय मूर्खपणा आहे?" पॉलिएस्टर कंपनीची माणसं त्याच दुपारी बोलणी करायला यायची होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "तू एकदा पडून तरी बघ. मग बोल."

काहीही होत नाही हे सिद्ध करायला तो माझ्या चटईवर पडला. मी एक गुलाबी साडी त्याच्या अंगावर नुसती पसरली.

कंपनीची माणसं सुटाबुटात वर आली तेव्हा आमचे धाकटे मालक गुलाबी रेशमात, तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांच्यातले मोठे साहेब नलिनीला हळूच म्हणाले, "यांना उठवू नका. आम्ही नंतर येऊ." आणि जाताना मागे वळून चटईकडे असं काही बघितलं, की दुसरी चटई टाकली असती तर तेही पडले असते!

शिरीष त्यानंतर झोपेबद्दल बोलला नाही. पण दिवाळी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

*

शेवटी आली रेजिना. खाडीपलीकडच्या मनोरीची. मार्व्याला लाँचने उतरून, बस बदलत यायची. चित्रकला शिकलेली, लग्नाचे गाऊन शिवण्यात नाव कमावलेली, बोलायला एकदम फटकळ. तिची साडी मोतिया रंगाची होती. मी छान झोपले, गालावर काही नाही. शिरीष बाईंकडे बघायला लागला.

"बरी आसा," बाई म्हणाल्या. पण आवाजात काहीच नव्हतं.

रेजिनाने साडीची घडी घातली आणि सरळ विचारलं, "बाई, तुम्ही कधी झोपता?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. जिन्यात रेजिनाने मला गाठलं. "आधी कशा झोपायच्या?" मी तिला मोठ्या चटईचं सांगितलं, माईंच्या हाताचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पास झालेली साडी घेऊन निघून गेली!

दिवाळी तोंडावर आली तेव्हा ती परत आली. रंग तोच मोतिया, पण पदरावर त्याच रंगाच्या रेशमाची आणि जरीची वेल, इतकी दाट भरलेली की कापड दिसेना.

मी नेसायला उठले तर म्हणाली, "तू नको. ही बाईंची आहे."

"माका कित्याक? माका झोप नाय लागत."

"मग झोपू नका. नुसतं पडा."

बाई कशाबशा तयार झाल्या. मी त्यांना मोठ्या चटईवर नेलं. त्या कुशीवर पडल्या, मी पदर खांद्यावरून नीट केला आणि म्हटलं, "रेजिना, पदर फार जड झालाय गं."

"असू दे," ती म्हणाली.

दोरीवरची कापडं हलत होती. बाईंनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग त्यांचा श्वास लांब लांब होत गेला. मला रडू आलं, ते मी आवाज न करता रडले. खाली बोरिवलीहून एक नवरी आली होती, आई आणि मावशीला घेऊन. नलिनीने तिघींना तोंडावर बोट ठेवून बसवलं, आणि त्या बिचाऱ्या काही न विचारता बसल्या. कंपनीचे कागद सहीला घेऊन शिरीष जिना चढत आला. मी हात केला. त्याने आईकडे पाहिलं, बूट काढले आणि पायरीवरच बसून राहिला.

ऊन गेलं, दिवे लागले. "तुझी लाँच जाईल," मी रेजिनाला कुजबुजत म्हटलं.

"जाऊ दे."

बाई उठल्या तेव्हा मी सवयीने आधी गाल पाहिला. कानापासून हनुवटीपर्यंत सगळी वेल उमटली होती. पानं, कळ्या, सगळं. शिरीषनेही पाहिलं. नियम त्यालाही माहीत होता. रेजिना खाली बघत राहिली.

बाईंनी आरसा मागितला. बराच वेळ त्या गालावरून बोट फिरवत राहिल्या.

"वेल उमटापर्यंत झोपलंय मी?"

मग त्या उठल्या. तोंड धुतलं नाही, पदर खांद्यावर सारखा केला आणि तशाच जिना उतरून शोरूममध्ये गेल्या. आम्ही सगळे मागोमाग.

नवरीची आई गडबडून म्हणाली, "बाई, तुमच्या गालावर काहीतरी..."

बाईंनी गाल ट्यूबलाइटकडे वळवला. "हो. आमच्या नव्या डायरेक्टरबाईंचं पहिलं डिझाइन. आवडलं?"