पडायला शिकवणारा वस्ताद

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. यशवंता तालीम चालवील असं मी भिंगारच्या निम्म्या बायकांना सांगून दमले. त्या म्हणायच्या, दीर आहे म्हणून कौतुक. शिवाय मी चौथी शिकलेली, माझ्या बोलण्याला वजन ते काय? पण तालमीची आणि माझ्या गोठ्याची भिंत एकच. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, पण भिंतीवरून बघायला कुणाच्या बापाची बंदी? एवढे किस्से साठलेत की एक काढावा तर चार सांडतात.

आमचे मालक थोरले वस्ताद. लढाई सुरू झाली आणि हे बैलगाडीवरून पडले, कंबर गेली. तालीम धाकट्या भावाच्या अंगावर आली. यशवंताला मिसरूड नुकतं फुटलेलं. सासूबाई गेल्या तेव्हा तो रांगत होता, मीच वाढवला. गल्लीतले पंच म्हणाले, हे पोर काय शिकवणार, तालमीला कुलूप घाला, कडबा तरी साठवता येईल. यशवंता मला म्हणाला, "कुलूप लागलं तर वैनी, मी पलटणीत नाव घालतो." छावणी हाकेच्या अंतरावर. आमच्या गल्लीतले दोघं गेले होते, ते परत आले नव्हते. तेव्हापासून माझं लक्ष त्या भिंतीपलीकडं.

*

पहिल्या दिवशी निवृत्ती सुतार अडून बसला. दोन लेकरांचा बाप. रिवाज असा की मातीत उतरायच्या आधी वस्तादाच्या पाया पडायचं. निवृत्ती म्हणाला, ज्याला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली त्याच्या पाया पडू? यशवंता म्हणाला, नको, मातीच्या पड, ती तर थोरली आहे ना.

निवृत्ती वाकला. यशवंतानं मागून पाय काढला आणि त्याला तोंडावर पाडला.

"पयला धडा झाला, निवृत्तीदादा. वाकताना मागं बघायचं."

*

एकदा यशवंताच्या टाचेत काटा मोडला. आठ-दहा दिवस तो चवड्यावर चालायचा. काठी फिरवतानाही टाच वर. पोरांना वाटलं हाच डाव. सगळी फळी चवड्यावर! घरी पाणी भरतानासुद्धा चवड्यावर.

रिटायर सुभेदार पंचांतले मोठे. ते तपासायला आले, बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, "ह्यो कंच्या घराण्याचा पवित्रा?"

यशवंतानं पोरांच्या पायांकडं पाहिलं, मग स्वतःच्या.

"बाभळीच्या," म्हणाला.

*

मग सुभेदारांनी सर्टिफिकीट मागितलं. पलटणीत शिकवणाऱ्याकडं असतं म्हणे. यशवंतानं कानावरचं मुंडासं सरकवलं. पैलवानाचा कान मातीत रगडून रगडून मोडतो, त्याची गाठ होते. म्हणाला, "हा शिक्का बघा."

सुभेदारही कमी नव्हते. "कान आमच्या बैलाचाबी मोडलाय. त्यो शिकवतो व्हय?"

यावर मीसुद्धा हसले. खोटं कशाला बोलू.

*

खरी तक्रार निराळीच होती. यशवंता पोरांना डावच शिकवीना. रोज नुसतं पडायचं. पाठीवर, कुशीवर, गोळा होऊन. गोदाक्का भांडायला माझ्या दारात आली.

"पडायला तुमची तालीम कशाला? आमचा बंड्या घरीच शिकलाय, चिंचेवरनं."

मी म्हटलं, "व्हय, आन् हात गळ्यात बांधून हिंडत हुता."

गोदाक्का गेली. पण पंचांच्या कानावर घालूनच गेली.

*

शेवटी पंचांनी राहात्याहून पैलवान बोलावला. दारातून आडवा शिरावा असा. त्यानं एकेका पोराला आपटायचं. एक जरी रडत, लंगडत घरी गेलं तर तालमीला कुलूप. पाहुणा पैलवान वस्तादाच्या घरी जेवतो, ही आमची रीत. तो माझ्याकडं जेवला आणि मातीत उतरला.

त्यानं पोरं उचलली, आपटली. पोरं गोळा होऊन लोळली, उठली, माती झटकून परत रांगेत उभी राहिली. त्यानं परत आपटली. ती परत उभी. यशवंता कोपऱ्यात उभा. मी भिंतीला दोन्ही हातांनी धरलेलं.

पैलवानाच्या छातीचा भाता फुगायला लागला. बंड्या समोर येऊन म्हणाला, "मामा, परत टाका की."

पैलवान मातीत बसला आणि पाणी मागितलं.

यशवंताला शाबासकी द्यायची तर पंचांची जीभ रेटत नव्हती. सुभेदार पुढं झाले. पैलवान आज अंगानं जड दिसतोय, सकाळी काय खाल्लं म्हणून विचारलं.

पैलवान भोळा. "पुरणपोळ्या. वर वाटीनं तूप. वैनींनी न्हाई म्हनूच दिलं न्हाई."

पंच एकमेकांशी कुजबुजले. ठरलं असं की तालीम आहे तशी चालू द्यावी, पोराला शिकवू द्यावं. पण पैलवान मातीत बसला, त्याला कुणीतरी जबाबदार धरायलाच हवं. सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळल्या, आणि सुभेदारांनी भर तालमीत माझं नाव घेतलं.

"भागीरथी."